नोकरीच्या मुलाखतीत नेहमीच्या प्रश्नांना उत्तरे कशी द्यावीत: सीमाभागातील नवख्या उमेदवारांसाठी

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी या भागातून आय.टी.आय., पदविका किंवा पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या मुलामुलींना नोकरीची एकच दिशा ठरलेली नसते. कोणी उद्यमबाग किंवा मच्छे येथील फाउंड्री आणि मशीन शॉपमध्ये अर्ज करतो, तर कोणी हत्तरगीला विमानांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांत. निपाणीची मुले कागल आणि गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहती जवळ करतात, खानापूरची काही गोव्यातील वेर्ण्याला जातात आणि संगणक शिकलेली बहुतेक पुणे किंवा बेंगळुरूकडे पाहतात. प्रत्येक ठिकाणी मुलाखत घेणाऱ्यांची भाषा आणि रीत वेगळी असली, तरी पहिल्या नोकरीसाठी विचारले जाणारे प्रश्न थोड्याफार फरकाने तेच असतात: स्वतःबद्दल सांगा, आमच्याकडेच का, तुमची कमतरता कोणती, अडचण आली तेव्हा काय केले, पगार किती हवा. प्रश्न आधीच माहीत असल्यामुळे उत्तरे पाठ करण्याचा मोह होतो आणि नेमके तिथेच बरेच उमेदवार मागे पडतात, कारण पाठ केलेले उत्तर दहा जणांच्या तोंडी सारखेच असते आणि त्यातले एखादे वाक्य विसरले की पुढचे सगळेच अडते. त्याऐवजी स्वतः केलेल्या कामांतले प्रसंग नीट जमवून ठेवले, तर त्याच प्रसंगांतून बहुतेक प्रश्नांची उत्तरे देता येतात.

पहिली पायरी: प्रसंग लिहून काढणे

मुलाखतीचे बोलावणे येण्याची वाट न पाहता, आपण स्वतः हाताळलेले पाच-सहा प्रसंग वहीत लिहून काढावेत. शेवटच्या वर्षाचा प्रकल्प, अप्रेंटिसशिप, कॉलेज सांभाळून केलेली अर्धवेळ नोकरी हे तर त्यात असावेच, पण घरचे दुकान, डेअरीतला दुधाचा हिशेब, एन.सी.सी.चे शिबिर, गावच्या गणेशोत्सव मंडळाचे खजिनदारपण यांनाही जागा द्यावी. ‘मला काहीच अनुभव नाही’ असे म्हणणाऱ्या मुलाने मंडळाच्या वर्गणीचा हिशेब वर्षानुवर्षे पावत्यांसह ठेवलेला असतो आणि बायोडाटात त्याचा उल्लेखही नसतो, हे या भागात वारंवार पाहायला मिळते.

प्रत्येक प्रसंगाचे चार भाग करावेत: परिस्थिती काय होती, माझ्यावर काय सोपवले होते, मी काय केले आणि शेवटी काय झाले. मनुष्यबळ विभागातील मंडळी याला इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘स्टार’ पद्धत म्हणतात. नवखे उमेदवार पहिल्या भागात फार रमतात, मालक कसे होते, जागा कशी होती, काम किती होते हे सांगण्यातच त्यांचा वेळ जातो. मुलाखत घेणाऱ्याला हवा असतो तो तिसरा भाग, म्हणून उत्तराचा निम्मा वेळ त्याच भागाला द्यावा.

निपाणीतील एखाद्या करसल्लागाराच्या कार्यालयात काम केलेल्या वाणिज्य पदवीधर मुलीचे उदाहरण घेऊ. ‘मी जी.एस.टी.चे काम पाहत होते’ हे तिचे वाक्य खरे असले, तरी त्यातून ऐकणाऱ्याला काहीच कळत नाही. तोच अनुभव असा सांगता येतो: ‘एका किराणा व्यापाऱ्याची खरेदीची नोंद आणि पोर्टलवरचे टू-बी विवरण (पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांची यादी) यांचा मेळ बसत नव्हता. थ्री-बी, म्हणजे महिन्याचे कर विवरण, २० तारखेपर्यंत भरायचे होते आणि मेळ घालण्याचे काम माझ्याकडे होते. मी बिले पुरवठादारानुसार लावली, तेव्हा लक्षात आले की फरक फक्त कोल्हापूरच्या व्यापाऱ्यांच्या बिलांत आहे. त्यांचे जी.एस.टी. क्रमांक २७ ने, म्हणजे महाराष्ट्राच्या संकेतांकाने सुरू होत होते, पण टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये ती बिले कर्नाटकातल्या २९ च्या बिलांप्रमाणे सी.जी.एस.टी. आणि एस.जी.एस.टी. (राज्यांतर्गत व्यवहाराचे कर) अशी नोंदली गेली होती. तिथे दोन राज्यांमधल्या व्यवहाराचा आय.जी.एस.टी. हवा होता. मी नोंदी दुरुस्त करून सरांना दाखवल्या आणि त्यानंतर नवीन पुरवठादाराचे खाते उघडतानाच राज्य तपासायला सुरुवात केली. विवरण मुदतीत गेले.’ हे सांगायला जेमतेम एक मिनिट लागते. अडचण कशी सोडवली, तुमचे बलस्थान कोणते, आम्ही तुम्हालाच का घ्यावे, या तिन्ही प्रश्नांना हा एकच प्रसंग थोड्या फेरफाराने चालतो.

आपल्याकडे स्वतःच्या कामाबद्दल ‘आम्ही केले’ असे म्हणण्याची सवय आहे आणि घरात ती शोभूनही दिसते. मुलाखतीत मात्र चौघांच्या प्रकल्पातला आपला वाटा कोणता, हे ‘मी’ म्हणूनच सांगावे लागते. बाकीच्या तिघांचे काम त्यांच्या नावे सांगितले, तर त्यात बढाईचा भागही राहत नाही.

दुसरी पायरी: जाहिरात, कागदपत्रे आणि प्रवास

जाहिरातीत मागितलेली कौशल्ये एका बाजूला आणि त्यांना लागू पडणारे आपले प्रसंग दुसऱ्या बाजूला लिहावेत. ज्या कौशल्यासमोर काहीच लिहिता येत नाही, तिथे प्रश्न येणार हे गृहीत धरून प्रामाणिक उत्तर ठरवून ठेवावे. कंपनी काय बनवते आणि कोणाला पुरवते, एवढे तिच्या संकेतस्थळावरून आधी वाचलेले असावे.

महाराष्ट्रात मुलाखत असेल, तर बायोडाटात ‘एस.एस.एल.सी.’ आणि ‘पी.यू.सी.’ यांच्या शेजारी दहावी आणि बारावी असे स्पष्ट लिहावे, कारण पुण्यातल्या तरुण एच.आर.ला हे शब्द ओळखीचे असतीलच असे नाही. बेळगाव शहराचे अधिकृत इंग्रजी नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून बदलल्यामुळे जुन्या आणि नव्या कागदांवर ते वेगवेगळे दिसते, त्याबद्दल विचारले तर एका वाक्यात खुलासा करावा. सी.जी.पी.ए.ची टक्केवारी मित्राने सांगितलेल्या हिशेबाने काढू नये. आपल्या विद्यापीठाने आपल्या अभ्यासक्रमासाठी दिलेले सूत्रच वापरावे आणि ते विचारल्यास सांगता यावे.

प्रवासाबद्दल एक सूचना बाहेरच्यांना अनावश्यक वाटेल. सीमेवर वातावरण तापले की दोन्ही राज्यांच्या बस कधी कधी सीमेपाशीच थांबतात, तेव्हा कोल्हापूर किंवा पुण्याच्या मुलाखतीला निघताना आदल्या दिवशी चौकशी करावी आणि मिरजमार्गे रेल्वेचा पर्याय हाताशी ठेवावा. बेंगळुरूला रात्रीच्या गाडीने उतरून थेट मुलाखतीला जाण्यापेक्षा शक्य असल्यास एक मुक्काम करणे बरे.

तिसरी पायरी: कोणत्या भाषेत बोलायचे

सीमाभागातील उमेदवाराला सर्वाधिक धास्ती असते ती याच गोष्टीची आणि तयारी सर्वांत कमी असते तीही हिचीच. साधा नियम असा की ज्या भाषेत प्रश्न आला, त्या भाषेत उत्तराची सुरुवात करावी. ते जमत नसेल, तर गोंधळून गप्प राहण्याऐवजी परवानगी मागून दुसऱ्या भाषेत जावे. ‘सर, तांत्रिक भाग मी हिंदीत सांगितला तर चालेल का?’ असे विचारणारा उमेदवार सहसा नाकारला जात नाही. इंग्रजीत बोलायचे असल्यास लहान वाक्ये करावीत, कारण लांब वाक्य मध्येच तुटले की आत्मविश्वासही त्याच्यासोबत तुटतो.

बेळगाव, हुबळी-धारवाड किंवा बेंगळुरूच्या मुलाखतीत ‘निमगे कन्नड बरुत्ता?’ (तुम्हाला कन्नड येते का?) हा प्रश्न येण्याची शक्यता धरूनच जावे. मराठी माध्यमातून शिकलेल्या मुलांनीही शाळेत कन्नड विषय घेतलेला असतो, त्यामुळे ‘येत नाही’ हे उत्तर बहुधा खरेही नसते आणि उपयोगाचेही नसते. समजते, बोलता येते, वाचता येते, लिहिता येते अशा चार पातळ्या असतात. त्यांपैकी आपण कुठे आहोत ते सांगावे आणि शक्य तर कन्नडमध्येच सांगावे: ‘नमस्कार री, ननगे कन्नड स्वल्प बरुत्तदे, कलियुत्तिद्देने.’ म्हणजे मला कन्नड थोडे येते, शिकत आहे. पुढचा प्रश्न कन्नडमध्ये आला आणि कळला नाही, तर तसे मोकळेपणाने सांगावे. सुपरवायझरशी मराठीत, ट्रकचालकाशी हिंदीत आणि स्टोअरमधल्या माणसाशी कन्नडमध्ये बोलू शकणारा मुलगा या पट्ट्यातल्या कारखान्याला हवाच असतो. ही गोष्ट बायोडाटाच्या तळाशी ‘भाषा’ या रकान्यात दडवून ठेवण्यासारखी नाही.

पुण्याला गेल्यावर आपली बोली लपवण्यासाठी काही जण मुद्दाम वेगळ्या सुरात बोलू लागतात. त्याची गरज नाही. ‘हो की’, ‘करतो की’ यातला ‘की’ ऐकून समोरचा हसला तरी उत्तरातला मजकूर ठीक असेल तर पुढचा प्रश्न कामाबद्दलच येतो.

चौथी पायरी: एकेक प्रश्न

‘स्वतःबद्दल सांगा’ हा प्रश्न जवळपास प्रत्येक मुलाखतीत पहिला असतो आणि त्याचे उत्तर पुढच्या सगळ्या प्रश्नांना वळण लावते. वडील काय करतात, घरात किती जण आहेत, छंद कोणते, हे विचारल्याशिवाय सांगू नये. शिक्षण, त्यानंतर केलेले काम, आणि या जागेसाठी अर्ज करण्याचे कारण, या क्रमाने दीड मिनिटात आटोपावे. उदाहरणार्थ: ‘मी खानापूर तालुक्यातला. दहावीनंतर बेळगावात मेकॅनिकलचा डिप्लोमा केला. शेवटच्या वर्षी उद्यमबागेतील एका मशीन शॉपमध्ये सहा महिने होतो. सुरुवातीला फक्त मोजमाप केले, नंतर सी.एन.सी. (संगणकावर चालणाऱ्या) लेथवर जॉब लावणे आणि ऑफसेट (हत्याराच्या मापातली दुरुस्ती) बदलणे शिकलो. ड्रॉइंग वाचता येते, मायक्रोमीटर आणि बोअर गेज (छिद्राचा आतला व्यास मोजण्याचे साधन) वापरता येतात. प्रोग्रॅम स्वतः लिहिण्याचा सराव अजून कमी आहे. आपल्या जाहिरातीत गुणवत्ता तपासणीचे काम होते, म्हणून अर्ज केला.’

या उत्तरात उच्चारलेली प्रत्येक वस्तू पुढच्या प्रश्नाचे निमंत्रण आहे, हे ध्यानात ठेवावे. बोअर गेज म्हटले की अनुभवी माणूस विचारणारच: ‘मशीनवरून आत्ताच काढलेला भाग लगेच मोजाल का?’ ज्याने खरोखर काम केले आहे तो सांगेल की भाग गरम असताना मोठा भरतो. मोजमापाचे प्रमाणित तापमान २० अंश सेल्सिअस धरलेले असते, आणि १०० मिलिमीटर व्यासाचा ॲल्युमिनियमचा भाग त्याहून २० अंशांनी गरम असेल तर व्यास सुमारे ०.०५ मिलिमीटरने जास्त दिसतो, म्हणून तो निवू द्यावा लागतो. ज्याने बोअर गेज फक्त प्रयोगशाळेच्या कपाटात पाहिला आहे, तो इथे अडकेल. म्हणून बायोडाटात किंवा बोलण्यात तीच अवजारे आणि तीच सॉफ्टवेअर घ्यावीत, ज्यांवरचे तीन उपप्रश्न आपण पेलू शकतो. उत्तर येत नसेल तर ‘हे मला माहीत नाही, पण मी ते अशा पद्धतीने शोधेन’ असे म्हणणे केव्हाही चांगले, कारण अंदाजाने दिलेले चुकीचे उत्तर आधीच्या बरोबर उत्तरांवरही शंका आणते.

‘आमच्याकडेच का?’ या प्रश्नामागे खरी काळजी असते ती हा उमेदवार सहा महिन्यांत पुण्याला निघून जाईल की काय याची. कंपनीची स्तुती केल्याने ती काळजी मिटत नाही. कामाचा कोणता भाग शिकायचा आहे ते आधी सांगावे, आणि घर जवळ असणे हे कारण खरे असेल तर तेही दुसऱ्या क्रमांकावर मोकळेपणाने सांगावे: ‘निपाणीहून कागलला रोज ये-जा करता येते, त्यामुळे मला इथे टिकून राहणे सोपे आहे.’ मालकाच्या दृष्टीने हे कारण कमी प्रतीचे नसते. ‘पाच वर्षांनी कुठे असाल?’ या प्रश्नालाही याच धोरणाने उत्तर द्यावे. मॅनेजर होण्याची भाषा न करता आधी कोणते काम स्वतंत्रपणे करायला शिकायचे आहे, ते सांगावे.

कमतरता विचारली की ‘मी फार परफेक्शनिस्ट आहे’ किंवा ‘मला कामाशिवाय चैन पडत नाही’ अशी उत्तरे येतात आणि ऐकणारा ती लिहूनही घेत नाही. खरी, पण त्या नोकरीचा कणा नसलेली कमतरता निवडावी आणि तिच्यावर चालू असलेला उपाय लगेच जोडावा. ‘चारचौघांसमोर इंग्रजीत बोलताना मी अडखळतो, म्हणून रोज मशीनची एक माहितीपुस्तिका मोठ्याने वाचतो’ हे पुरेसे आहे. मात्र उपाय खरोखर चालू असावा, कारण काल काय वाचले, असे विचारणारे भेटतात.

राहिलेले विषय आणि शिक्षणातला खंड यांची लाज बाळगून उत्तर लांबवू नये. बेळगावात मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र आहे, सैन्यात जाण्याची परंपरा गावोगावी आहे, आणि वयाची अट संपेपर्यंत भरतीची तयारी करणारी कितीतरी मुले दोन-तीन वर्षांचा खंड घेऊन नोकरीच्या बाजारात येतात. हा खंड ‘घरगुती अडचण’ म्हणून झाकण्याचे कारण नाही. ‘दोन वर्षे भरतीची तयारी केली, लेखी परीक्षा पार केली, शारीरिक चाचणीत राहिलो, त्यानंतर चार महिने वेल्डिंगचा सराव पुन्हा सुरू केला’ असे सरळ सांगावे. बॅक राहिले असेल तर विषय, कारण आणि कितव्या प्रयत्नात सुटला, एवढ्या तीन गोष्टी पुरतात. प्राध्यापकांना दोष देणे टाळावे.

मुलींना लग्नाबद्दल किंवा रात्रपाळीबद्दल विचारले जाते. लग्नाचा प्रश्न विचारणे योग्य नाही असे माझे मत आहे, पण तो येतो. त्यावर खासगी तपशील न देता ‘पुढची काही वर्षे हे काम करण्याची माझी तयारी आहे’ असे सांगून विषय कामाकडे वळवता येतो. रात्रपाळीबद्दल मात्र उलट प्रश्न विचारण्याचा पूर्ण हक्क आहे: ने-आण करण्यासाठी कंपनीची गाडी आहे का, ती कुठपर्यंत येते.

‘बेळगाव कोणत्या राज्यात असायला हवे?’ असा प्रश्न कोणी गमतीने, कोणी खडा टाकून पाहण्यासाठी विचारतो. मुलाखतीच्या खोलीत हा वाद जिंकून काही मिळत नाही. ‘तो दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. मी तिथला रहिवासी आहे आणि दोन्ही बाजूंच्या लोकांबरोबर काम करू शकतो’ एवढे शांतपणे बोलून थांबावे.

पाचवी पायरी: पगाराचे बोलणे

पगार किती हवा, या प्रश्नाला ‘तुम्ही द्याल तो’ हे उत्तर नम्र वाटले तरी त्यातून उमेदवाराने काही विचार केलेला नाही, एवढेच दिसते. त्या शहरात त्या कामाला नवख्याला काय मिळते, हे आधी नोकरीला लागलेल्या दोन-तीन ओळखीच्यांकडून विचारून घ्यावे आणि एक आकडा न सांगता एक पट्टा सांगावा.

त्याआधी वार्षिक पॅकेज आणि हातात पडणारा पगार यांतला फरक समजला पाहिजे. समजा पॅकेज वर्षाला ३ लाख रुपये, म्हणजे महिन्याला २५,००० रुपये आहे आणि त्यात मूळ वेतन १५,००० रुपये आहे. भविष्य निर्वाह निधीत कंपनीचा १२ टक्के हिस्सा, म्हणजे १,८०० रुपये, बहुतेक ठिकाणी याच २५,००० मध्ये धरलेला असतो. नोकरी सोडताना सेवेबद्दल मिळणाऱ्या ग्रॅच्युइटीची सुमारे ७२० रुपयांची तरतूदही अनेकदा त्यातच दाखवतात. उरलेल्या साधारण २२,४८० रुपयांतून तुमचा स्वतःचा १,८०० रुपयांचा हिस्सा कापला जातो आणि हातात २०,६८० रुपयांच्या आसपास रक्कम येते. त्यातून कँटीन आणि बसचे पैसे वेगळे कापले जातात का, हे विचारावे. बेंगळुरू किंवा पुण्यात खोलीभाडे आणि मेस यांचा खर्च वजा केल्यावर ही रक्कम घरून ये-जा करता येईल अशा उद्यमबागेतल्या कमी पॅकेजपेक्षा खाली येऊ शकते, तेव्हा फक्त मोठा आकडा पाहून होकार देऊ नये.

सहावी पायरी: शेवटची पाच मिनिटे

‘तुम्हाला काही विचारायचे आहे का?’ यावर ‘नाही सर’ म्हणून उठू नये. पहिल्या तीन महिन्यांत मला कोणते काम दिले जाईल, शिकवणारे कोण असतील, पाळ्या कशा असतात, परिवीक्षा काळ (प्रोबेशन) किती असतो, यांपैकी दोन प्रश्न विचारावेत आणि निर्णय साधारण कधी कळेल तेही विचारून घ्यावे. सांगितलेली मुदत उलटल्यावर एक छोटा ई-मेल किंवा फोन करण्यात गैर काही नाही, मात्र रोज फोन करू नये.

मुलाखत फोनवर किंवा व्हिडिओवर असेल, तर गावातले नेटवर्क आदल्या दिवशी त्याच वेळेला तपासून पाहावे आणि गरज पडल्यास तालुक्याच्या गावी नातेवाइकाच्या घरी जाऊन बसावे. वीज जाण्याची शक्यता धरून फोन पूर्ण चार्ज ठेवावा आणि संपर्क तुटल्यास कोणत्या क्रमांकावर बोलायचे ते सुरुवातीलाच विचारून घ्यावे.

निवड झाल्याचे कळले की नेमणूकपत्र लेखी मागावे. त्यात पद, मूळ वेतन, कामाचे ठिकाण, नोटीस पिरियड आणि बाँड असल्यास त्याची मुदत व रक्कम वाचून मगच सही करावी. प्रशिक्षण, गणवेश किंवा लॅपटॉप यांच्या नावाखाली आधी पैसे भरायला सांगणाऱ्याला नकार द्यावा, मग त्याने पुण्यातल्या कितीही मोठ्या कंपनीचे नाव घेतलेले असो. मूळ गुणपत्रिका पडताळणीसाठी दाखवाव्यात, प्रती द्याव्यात आणि मूळ कागद त्याच दिवशी परत घेऊन घरी यावे.